रोज रात्री एकतीस मार्च

ज्याने उभी हयात महसूल खात्याच्या कचेरीत काढली, त्याला निर्णय घेण्याची सवय असणारच, असा एक समज लोकांत रूढ आहे. तो सर्वस्वी निराधार आहे. आमच्या खात्यात निर्णय घेतला जात नसे. तो वर पाठवला जात असे. प्रकरण कितीही क्षुल्लक असो, त्याचा मसुदा सिद्ध करावा, पूर्वीच्या हुकमांचे दाखले जोडावेत, समासात आपला अभिप्राय अशा बेताने नोंदवावा की पुढेमागे त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता यावा, आणि तळाशी ‘आदेशार्थ सविनय सादर’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून फाईल साहेबांच्या टेबलावर सरकवावी, एवढीच आमची कर्तबगारी. अशा शिस्तीत मुरलेल्या अव्वल कारकुनावर निवृत्तीनंतर स्मार्टफोन निवडण्याचा प्रसंग यावा, आणि ज्याच्यापुढे फाईल सरकवावी असा एकही साहेब उरलेला नसावा, ही दैवाने केलेली चेष्टाच म्हटली पाहिजे.

प्रसंग ओढवला तो हयातीच्या दाखल्यामुळे. निवृत्तिवेतनधारकाने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे सरकारास कळवावयाचे असते, आणि २०२१ पासून हे काम घरबसल्या, फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून, करण्याची सोय झाली आहे. माझ्या जुन्या फोनला मात्र माझ्या हयातीबद्दल खात्री पटेना. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या समूहावरून प्रत्यही येणारे उगवते सूर्य, दवबिंदूंनी ओथंबलेले गुलाब आणि त्यांच्या पोटात लिहिलेले सुविचार यांची त्याच्या उदरात एवढी दाटी झाली होती की नवे ॲप उतरवून घेण्यास तिळभर जागा नव्हती. दोन-तीनशे सूर्योदय पुसून जागा करून दिली, तेव्हा ॲपने ‘ही प्रणाली फार जुनी आहे’ असा शेरा मारून प्रकरण फेटाळले.

“तुम्ही आहात हे मला दिसतंय ना? मग झालं,” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

परंतु कागदोपत्री नसलेल्या अस्तित्वाला काय किंमत असते, हे महसूल खात्यात चाकरी केलेल्या इसमास कोणी सांगावयास नको. मृत्यू पावून दोन पिढ्या लोटल्या तरी सातबाऱ्यावर खातेदार म्हणून सुखेनैव नांदणारे पुष्कळ गृहस्थ माझ्या पाहण्यात होते. जिवंत माणसाने केवळ फोन जुना म्हणून मयत ठरावे, हे मात्र मला मंजूर नव्हते. तेव्हा नवा फोन घेण्याचे ठरले. अर्थात ठरले म्हणजे प्रकरण सुरू झाले.

साहेब नसला तरी पद्धत सोडावयाची नाही, अशा निर्धाराने मी प्रथम एक तुलनात्मक तक्ता आखला. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये मुक्रर केली आणि त्या मर्यादेच्या आतबाहेर घोटाळणाऱ्या समस्त फोनांची नावे उभी व त्यांचे गुणावगुण आडवे मांडून शेवटचा रकाना, रिवाजाप्रमाणे, शेऱ्यासाठी मोकळा ठेवला. तक्ता भरू लागलो तसतसे ध्यानात येऊ लागले की फोन विकणाऱ्यांची भाषा आणि जमीन विकणाऱ्यांची भाषा यांत फारसा भेद नाही. उताऱ्यावर एकूण क्षेत्र भले थोरले दिसावे आणि पोटखराबा वजा केल्यावर लागवडीस चार गुंठे हाती यावेत, त्याप्रमाणे १२८ जीबी म्हणून घेतलेल्या फोनातून प्रणालीने आणि कंपनीने आधीच वसवून ठेवलेल्या, पुसू म्हटले तरी न पुसल्या जाणाऱ्या ॲपांनी बळकावलेला भाग वजा जाता उरेल, तेवढीच आपली वहिवाट. रॅमची गोष्ट याहून नामी. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत १६ जीबी. आणि तळाशी, चष्मा पुसून पुन्हा लावल्यावर दिसणाऱ्या अक्षरांत, खुलासा असा की खरे ८ आणि उरलेले ८ ‘व्हर्च्युअल’, म्हणजे साठवणीच्या जागेतूनच उसने घेतलेले. एकाच गुंठ्याची दोन खरेदीखते करून देणारे इसम मी नोकरीत पाहिले होते. परंतु ते निदान तसे छापून देत नसत.

कॅमेऱ्याच्या रकान्यापाशी तर माझी मती कुंठित झाली. माझे छायाचित्रण म्हणजे काय, तर विजेच्या मीटरचा आकडा, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव, आणि क्वचित बँकेच्या पासबुकाचे शेवटचे पान. तथापि ५० मेगापिक्सेलचा फोन एकदा पाहिल्यावर १३ मेगापिक्सेलने मीटरचा आकडा नीट वाचला जाईल किंवा कसे, अशी चिंता मला रात्री-अपरात्री ग्रासू लागली.

तक्ता सिद्ध झाला. पुढील पायरी अभिप्रायांची. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करणारा माझा पुतण्या शनिवार-रविवार साताऱ्यास येतो. प्रथम त्याच्यापुढे कागद ठेवले. त्याने तक्त्यावरून नजर फिरवली आणि एखाद्या अननुभवी कारकुनाकडे साहेबाने पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

“काका, प्रोसेसर किती नॅनोमीटरचा आहे, हा कॉलमच नाही यात.”

“बोललेलं नीट ऐकू येतं का, हा आहे.”

“ते कोण बघतं आता? आणि घाई कशाला करताय? सेल येऊ द्या.”

“दिवाळीचा होऊन गेला ना रे?”

“मग प्रजासत्ताक दिनाचा येईल.”

“अरे, पण तोपर्यंत मी सरकारदप्तरी जिवंत राहायला हवा ना!”

त्याने मोठ्या मनाने ही अडचण ग्राह्य धरली, आणि ज्या कंपनीच्या फोनाचे हप्ते त्याच्या स्वतःच्या पगारातून अद्याप कापले जात होते, त्याच कंपनीचा एक धाकटा फोन माझ्या तक्त्यात आपल्या हाताने वाढवला.

शेजारचे आबासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, यांचा अभिप्राय अधिक निःसंदिग्ध होता. “तक्ताबिक्ता फाडून टाका आणि डोळे झाकून माझ्याकडे आहे तोच घ्या. पाच वर्षं वापरतोय. दगडासारखा आहे!” असे म्हणून त्यांनी तो दाखवण्यासाठी उचलला, तो त्याच्याबरोबर भिंतीतल्या खटक्यापासून निघालेली वायरही उचलली गेली, आणि फोनाभोवती आडवे गुंडाळलेले रबर दृष्टीस पडले.

“हे रबर कशाला, आबासाहेब?”

“बॅटरी जरा फुगलीय, म्हणून पाठ सुटते.”

“आणि वायर?”

“ती काढली की बंद पडतो. तेवढं एक सोडलं, तर तक्रारीला जागा नाही.”

कन्येने फोनवरून कळवले की तिचा जुना फोन कपाटात नुसता पडून आहे, तो चांगला आहे, तोच घ्यावा. चांगला असताना कपाटात का पडला, असे विचारता उत्तर आले, “बाबा, तो मध्येमध्ये अडकतो, पण तुम्हाला कुठे घाई असते?”

हे सगळे अभिप्राय समासात नोंदवीत असता एका सत्याचा मला उलगडा होऊ लागला. सल्ला देणारा मनुष्य आपल्यासाठी फोन सुचवीत नसतो. स्वतः केलेल्या खरेदीवर तो आपली अनुमोदनाची सही मागत असतो. त्याने घेतला तोच आपण घेतला, तर त्याचे पैसे शहाणपणाने खर्ची पडले असे आपोआप शाबीत होते. आपण दुसरा घेतला आणि तो चांगला निघाला, तर त्याच्या घरात त्याला ऐकून घ्यावे लागते. म्हणूनच, जो वधूवरांच्या बाबतीत मत विचारले तर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून अंग काढून घेतो, तोच गृहस्थ फोनाच्या बाबतीत रस्त्यात हात धरून उभा करतो.

अभिप्रायांसह प्रकरण परिपूर्ण झाल्यावर एका शुभ संध्याकाळी आम्ही उभयता राजपथावरील एका दुकानात दाखल झालो. दुकान एक, परंतु संस्थाने अनेक: प्रत्येक कंपनीने आपापल्या रंगाचा सदरा घालून आपला एकेक तरुण वकील तेथे नेमून ठेवलेला, आणि गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडताच निळा, हिरवा व नारिंगी अशा तिन्ही वकिलाती त्याला तीन दिशांना आमंत्रण देत होत्या. साखळदंडाने जखडलेल्या कैद्यांप्रमाणे वायरीने मेजाला बांधलेल्या नमुन्याच्या फोनांवर पोपट, धबधबे आणि हिमशिखरे अहोरात्र चमकत होती. मी तक्ता उलगडून, सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करून ज्याच्यासमोर ‘शिफारस’ असा शेरा मारला होता, त्या फोनाचे नाव घेतले.

“काका, तो बंद झाला,” निळा सदरा म्हणाला.

“बिघडतो?”

“नाही हो, बनवायचा बंद झाला. कधीच. आता त्याच्यापुढचा आला, आणि त्याच्याही पुढचा येत्या महिन्यात येतोय.”

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत वस्तू बाजारातून नाहीशी व्हावी आणि दरपत्रके नव्याने मागवावी लागावीत, हा अनुभव मला नवा नव्हता. किंबहुना आपण पद्धतीला धरून चाललो आहोत याची ती पोचपावतीच होती. पण सौभाग्यवतींना खात्याची पद्धत मान्य नाही. त्यांनी निळ्या सदऱ्याला विचारले, “आज, आत्ता, हातात काय मिळेल?” तर ‘पुढचा’ होता, १४,९९९ रुपये, परंतु फक्त गुलाबी रंगात. मी पुढे काही नोंदवणार, तोच त्या म्हणाल्या, “असू दे. वर काळं कव्हरच घालायचंय.” फोनाच्या रंगावर घराघरांत होणारे वाद, आणि त्यानंतर सर्व रंगांना समभावाने झाकून टाकणारी दीडशे रुपयांची काळी झूल, यांचा मेळ इतक्या थोडक्यात कोणी घातलेला मी ऐकला नव्हता.

खोके उघडले. आत फोन होता, वायर होती, सिमचे कप्पे उघडावयाची टाचणीएवढी एक पिन मखमलीत ठेवावी तशी ठेवलेली होती, चार्जर नव्हता. “पर्यावरणासाठी काढलाय,” असे सांगून त्या तरुणाने पर्यावरणास बाधा न आणता शेजारच्या कपाटातून तोच चार्जर वेगळ्या किमतीला काढून दिला. मग काच बसवण्याचा विधी झाला: आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पडदा पुसला, चिकटपट्टीने धुळीचा कण न् कण टिपून घेतला, श्वास रोखून काच वरून सोडली, आणि तरीही मधोमध राहिलेला हवेचा एक बुडबुडा त्याने आपल्या ओळखपत्राच्या कडेने हळूहळू कडेला हाकलून दिला. एवढ्या एकाग्रतेने काम होताना मी आमच्या कचेरीत क्वचितच पाहिले होते.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी फोनास हळदकुंकू वाहिले आणि मी अंगठा नोंदवावयास बसलो. येथे यंत्राने माझा अंगठा नाकारला. पुसून लावला, नाकारला. आडवा लावला, नाकारला. बोट बदलले, तरी निकाल तोच. ज्याने आपल्या हयातीत निरक्षर खातेदारांचे डावे अंगठे शाईत बुडवून हजारो कागदांवर उमटवून घेतले आणि ‘समक्ष’ म्हणून खाली सही ठोकली, त्याचा स्वतःचा अंगठा कागदांची पाने उलटून उलटून इतका गुळगुळीत झालेला होता की त्यावर ओळखीची एक रेषा यंत्रास सापडेना. सौभाग्यवतींचा अंगठा पहिल्याच फटक्यास मंजूर झाला. तेव्हापासून माझा फोन उघडावयाचा झाल्यास मी त्यांच्याकडे तो आदेशार्थ सविनय सादर करतो. चेहरा मात्र त्याने ओळखला, आणि हयातीचा दाखला मुदतीत निघाला.

फोन झाला, तरी रिचार्जची योजना निवडावयाची बाकीच होती, आणि हे प्रकरण फोनाहून अवघड. या देशातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यात झाले. त्या काळी बोलणाऱ्यास मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात पडत, आणि ऐकणाऱ्यासही पैसे मोजावे लागत, म्हणजे दुसऱ्याचे रडगाणे स्वखर्चाने ऐकावे लागे. २००३ साली ऐकणे फुकट झाले. बोलण्यास पैसे पडतच होते, म्हणून एक रिंग दिली की ‘पोचलो’ आणि दोन दिल्या की ‘निघालो’ अशी मिस्ड कॉलची काटकसरी सांकेतिक लिपी आपल्या लोकांनी चालवली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, काही महिने डेटा अक्षरशः फुकट वाटला गेला, आणि जे लोक एक जीबी महिनाभर पुरवून वापरीत, त्यांना तो एका दिवसाचा भत्ता वाटू लागला.

सध्या वाद किमतीचा कमी आणि कालगणनेचा अधिक आहे. वर्षाचे दिवस ३६५, हे कंपन्यांस मान्य आहे. परंतु महिना किती दिवसांचा, याबाबत त्यांचे पंचांग वेगळे. त्यात एक महिना २८ दिवसांचा, दोन महिने ५६ दिवसांचे, तिमाही ८४ दिवसांची. आणि दीर्घ मुदतीची म्हणून जी एक योजना मला दाखवण्यात आली, तिचे दिवस ३३६. अठ्ठावीसचा पाढा म्हणत गेल्यास बाराव्या घरास हाच आकडा येतो. परिणामी वर्षात रिचार्ज बारा नव्हे, तेरा. आपल्या पंचांगात अधिकमास सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. येथे तो दरसाल येतो, आणि त्यात वाण जावयाऐवजी कंपनीस द्यावयाचे असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये हुकूम काढून प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस भरता येईल अशी ठेवावी असे फर्मावले. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना नुसते बोलावयाचे आहे त्यांच्यासाठी डेटाविरहित योजना ठेवण्यासही बजावले. या योजना आहेत. परंतु त्या विचारणाऱ्यालाच दाखवल्या जातात, आणि विचारावयाचे असते हे ज्याला ठाऊक, त्याला बहुधा त्या नको असतात.

“काका, दिवसाला डेटा किती लागतो तुम्हाला?” दुकानदाराने विचारले. हा प्रश्न मनुष्यास आपली दिवसभराची भूक शितांत मोजून सांगावयास लावण्यासारखा आहे.

“तुम्हीच सांगा.”

“दीड जीबी घ्या. २९९ मध्ये २८ दिवस, ७९९ मध्ये ८४.”

मी खिशातून कागद काढला. तीनदा २९९ म्हणजे ८९७, वजा ७९९, शिल्लक ९८ रुपये. “आणि ते अमर्याद ५जी म्हणतात, ते?”

“ते दोन जीबीच्या प्लॅनवर.”

“म्हणजे अमर्याद मिळवायला आधी मर्यादा वाढवून घ्यायची?”

“हो.” त्याला यात वावगे काही दिसले नाही. आमच्या वाड्याच्या हातभर जाड भिंतींतून ५जी आत येत नाही, गॅलरीच्या कठड्यापर्यंतच पोचते, हे ध्यानी घेऊन मी दीड जीबीवर आलो. “पुरेल ना पण?”

“पुरेल काय, उरेल!”

‘उरेल’ या शब्दाने सरकारी नोकराच्या काळजात कोणती कालवाकालव होते, याची त्या बिचाऱ्या तरुणास कल्पना नव्हती. ज्याने कचेरीत नोकरी केली त्याला ठाऊक असते की मंजूर अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्ची पडले नाही तर ते व्यपगत होते, आणि एकदा शिल्लक दाखवली की पुढल्या साली तरतुदीस कात्री लागते. म्हणून त्या रात्री कचेरीत दिवे जळतात. सबंध साल ज्यांची आठवण झाली नाही ते पडदे, खुर्च्या आणि टाचण्यांची खोकी यांची बिले दहा-अकरापर्यंत मंजूर होत राहतात. आमच्या डोक्यावर ही जोखीम वर्षातून एक दिवस असे. दीड जीबीची मुदत रोज मध्यरात्री संपते, आणि उरलेला डेटा उद्याच्या खाती जमा होत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी रोज रात्री एकतीस मार्च असतो. दिवसभर कामे आटोपून मी रात्री दहाच्या सुमारास शिल्लक तपासतो; पाऊण जीबीच्या खाली ती क्वचितच असते. मग खर्चाच्या बाबी शोधणे आले. कोकणात जांभ्या दगडात विहीर कशी खोदतात ही चित्रफीत मी आरंभापासून पाणी लागेपर्यंत पाहिली आहे. कोल्हापुरी चपलेची वेणी, पंढरपूरच्या बाजारातल्या म्हशी, कोणा परदेशी गृहस्थाने अरण्यात एकट्याने बांधलेले घर, यांतील जिच्याशी माझा सुतराम संबंध नाही अशी एकही विद्या आता मला अपरिचित राहिलेली नाही.

“अहो, अकरा वाजून गेले. दिवा मालवा.”

“अजून चारशे एमबी शिल्लक आहेत.”

“उद्या वापरा.”

“उद्याची तरतूद उद्याच्या अंदाजपत्रकात आहे.”

कधी उलटही घडते. परगावची नातवंडे दुपारी चित्रसंवादावर येतात, एक फोन सिलिंगकडे धरतो, दुसरा स्वतःच्या नाकपुडीकडे, आणि तासाभरात दिवसाचे अनुदान संपुष्टात येते. मग वेग ६४ केबीपीएसवर उतरतो, आणि आबासाहेबांनी संध्याकाळी चुकून पाठवलेल्या सुप्रभात संदेशातला सूर्य दिवेलागणीस क्षितिजावर चिरीचिरीने उगवू लागतो. पूर्ण उगवेपर्यंत आमची जेवणे होतात.

या अनिश्चिततेवर मी खात्यातलाच उपाय योजला. ज्याअर्थी मंजूर रक्कम पूर्णपणे खर्ची पडत आहे, त्याअर्थी वाढीव तरतुदीची मागणी रास्त आहे, असा अभिप्राय स्वतःच नोंदवून मी पुढील खेपेस दोन जीबीची योजना घेतली. त्यात तिमाहीला वाचणारे ते ९८ रुपये केव्हाच गेले. परंतु अमर्याद ५जी मिळाले आहे, आणि ते वापरण्यासाठी मी थंडीवाऱ्यात गॅलरीत उभा असतो.

आता रस्त्यात भेटणारी माणसे मला थांबवून विचारतात, आणि विचारीत नाहीत त्यांना मी थांबवतो. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो: रिचार्जच्या किमतीस दिवसांनी भागावे आणि मग तुलना करावी, आणि कोणी फोन सुचवला, तर आधी त्याच्या खिशात कोणता आहे ते पाहून घ्यावे. हे नियम सर्वांस सारखेच लागू आहेत. माझा अपवाद करण्यास हरकत नाही, कारण माझी शिफारस सर्वस्वी निःपक्षपाती आहे. तेव्हा वाचकहो, फार चिकित्सा करीत बसू नका; माझ्याकडे आहे तोच घ्या. गुलाबी मिळाला तरी घ्या. दगडासारखा आहे.